विजेचे दोन आकडे : एक तारेवरचा, एक कागदावरचा

रात्रीची जेवणे आटोपली होती. ओसरीवर दिव्याखाली थोरला मुलगा पंपाचे बिल उलगडून बसला होता.

"आबा, भरायची रक्कम शून्य."

"मग ठेव ते फडताळात. शून्याचं काय वाचायचं?" आबा अडकित्त्याने सुपारी कातरत म्हणाले.

"तसं नव्हे. आपल्या मोटारीला मीटरच नाही. पाच हॉर्सपॉवर एवढंच नोंदलंय. आपले पैसे सरकार भरतं म्हणता, पण किती युनिटचे भरतं? मोटार वर्षाला किती युनिट ओढते, हे कुणाला ठाऊक?"

आबा गप्प झाले. भांडी आवरता आवरता आतून आई म्हणाली, "मोजल्याबिगर पैसे कसे देतात बाई? मी दळण आणते तरी पीठ तोलून घेते."

हा प्रसंग कोणत्याही घरातला समजावा. पण आईने सहज बोलून दाखवलेली शंका फार मोलाची आहे. शेतकरी बंधू-भगिनींनो, आणखी दहा वर्षांनी आपल्याला वीज कोणत्या भावाने मिळेल, दिवसा मिळेल की रात्री, पुरेशा दाबाने मिळेल की मोटार जाळून जाईल, हे सारे त्या शंकेच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आपल्याकडे 'आकडा' या शब्दाचे दोन अर्थ. तारेवर टाकतात तो एक आकडा आणि कागदावर लिहितात तो दुसरा. तारेवरच्या आकड्याने वीज चोरीला जाते हे सगळ्यांना कळते. कागदावरचा आकडा चुकला, तर त्याहून कितीतरी पट नुकसान होते. ते मात्र डोळ्यांना दिसत नाही.

बागेसारखा हिशोब

आंब्याची बाग लावायची तर आपण काय करतो? कलमाचा भाव, खड्ड्याची मजुरी, पाण्याची सोय, कर्जाचे व्याज आणि पाच-सात वर्षांनी बाजारात काय भाव राहील, हे सारे धरून चालतो. एकदा बाग लावली की पुढल्या वर्षी ती उपटून तेथे ज्वारी पेरता येत नाही.

विजेचेही तसेच आहे. कोळशाचे वीजकेंद्र आज ठरवले, तर त्यातून वीज यायला पाच-सात वर्षे सहज जातात. मग ते पंचवीस-तीस वर्षे चालते आणि त्याचे हप्ते तितकीच वर्षे ग्राहकाच्या बिलातून फिटत राहतात. म्हणून आजचा अंदाज चुकला, तर त्याचे ओझे नातवंडांपर्यंत जाते.

आपल्या देशात हा अंदाज बांधण्याचे काम दिल्लीचे केंद्रीय विद्युत प्राधिकरण करते. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी राष्ट्रीय वीज योजना तयार करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. अलीकडची योजना २०२३ साली आली. अशा योजनेत कोळसा, पाणी, सूर्य, वारा आणि अणू यांपासून मिळणाऱ्या विजेचे खर्च संगणकात घालून सर्वांत स्वस्त जुळणी शोधतात. संगणक हुशार खरा. पण तो जात्यासारखा आहे. वरून जे टाकाल तेच दळून खाली येणार. खडे टाकले तर खड्यांचे पीठ.

एका युनिटचा खरा खर्च कोणता?

कोणी विचारले, "ट्रॅक्टर तासाला कितीला पडतो?" तर आपण चटकन डिझेलचा खर्च सांगतो. पण हप्ता, विमा आणि दुरुस्ती यांचे काय? समजा हे सारे मिळून वर्षाला १ लाख २० हजार रुपये होतात. ट्रॅक्टर वर्षात ६०० तास चालला, तर डिझेलखेरीज तासाला २०० रुपये पडले. ३०० तासच चालला, तर ४०० रुपये. ट्रॅक्टर तोच आणि हप्ता तोच. पण काम निम्मे झाले की तासाचा भाव दुप्पट.

वीजकेंद्राचा खर्चही असाच दोन भागांत मोडतो. केंद्र चालो वा बंद राहो, एक भाग द्यावाच लागतो. त्यात भांडवल, व्याज आणि नोकरवर्ग येतो. दुसरा भाग इंधनाचा. म्हणून "या केंद्राची वीज अमुक रुपयांना" असे कोणी म्हणाले, तर खर्चाचा आकडा ऐकताना घरची बाई बाजारात विचारते तेच चार प्रश्न विचारावेत.

पहिला : हा भाव कोणत्या सालचा? दहा वर्षांपूर्वीच्या रुपयाची आजच्या रुपयाशी बरोबरी होत नाही.

दुसरा : हा भाव कुठला? कांद्याचा बांधावरचा भाव वेगळा आणि मुंबईतला वेगळा. कोळशाचेही तसेच. खाणीच्या तोंडावरचा भाव आणि रेल्वेने शेकडो मैल आणून केंद्रात उतरवलेल्या कोळशाचा भाव यांत मोठे अंतर पडते.

तिसरा : हा भाव सांगितला कोणी? विकणाऱ्याने सांगितलेला भाव आणि घेणाऱ्याने प्रत्यक्ष मोजलेले पैसे, यांपैकी दुसराच आकडा वहीत लिहिण्याच्या लायकीचा.

चौथा : हे केंद्र वर्षात किती तास चालेल असे धरले आहे? ट्रॅक्टरचे गणित आठवा.

गुहागरचा धडा

हे चार प्रश्न वेळीच धसास लावले नाहीत, तर काय होते ते आपल्याच राज्याने पाहिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलजवळ दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने हे काम झाले. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने तिथली वीज विकत घेण्याचा करार केला. त्याच वर्षी जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज देण्याचे नाकारले होते. राज्यापुढचा हा सर्वांत स्वस्त मार्ग नव्हे, असे तिचे मत होते. १९९५ साली करार रद्द झाला, १९९६ साली नव्याने झाला आणि मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला.

करारात मुख्य मेख अशी होती : मंडळाने वीज उचलली नाही तरी स्थिर खर्च भरायचाच. शिवाय विजेचा दर डॉलरशी आणि इंधनाच्या भावाशी बांधलेला. १९९३ साली डॉलर ३१-३२ रुपयांना होता. २००० साल संपेपर्यंत तो ४६ रुपयांच्या घरात गेला. नाफ्था हे इंधनही महागले. मंडळाला एवढ्या महाग विजेची गरज पडेना म्हणून उचल कमी झाली आणि उचल कमी झाली म्हणून प्रत्येक युनिटवर स्थिर खर्चाचा बोजा वाढला. २००० साली काही महिन्यांत हा दर युनिटला सात रुपयांवर गेला. मे २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एन्रॉनचे दिवाळे वाजले. पुढे २००६ साली नव्या सरकारी कंपनीच्या नावाने केंद्र पुन्हा सुरू करावे लागले.

यात राजकारण होते, आरोप-प्रत्यारोपही झाले. पण त्या गदारोळाखाली एक साधी गोष्ट आहे. मागणी किती वाढेल, इंधन कितीला पडेल आणि रुपया कुठे जाईल, या तिन्ही आकड्यांवर जेवढी खोदून चौकशी व्हायला हवी होती, तेवढी सही करण्यापूर्वी झाली नाही.

शिळा भाव

याच्या उलट चूकही होते. आकडा एके काळी खरा असतो. पण तो शिळा होतो आणि आपण तोच धरून बसतो.

सूर्यापासूनच्या विजेचे उदाहरण घ्या. २०१० साली राष्ट्रीय सौर मोहिमेच्या पहिल्या लिलावात सर्वांत कमी बोली युनिटला १० रुपये ९५ पैशांची होती. २०१७ साली राजस्थानात भडला येथे ती २ रुपये ४४ पैशांवर आली आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १ रुपया ९९ पैशांवर. पुढे २०२२ साली आयात पट्ट्यांवर ४० टक्के जकात बसली आणि भाव पुन्हा वर सरकले. म्हणजे ज्याने २०१० चा आकडा धरून पंधरा वर्षांची योजना केली असेल, तो सपशेल चुकला. आणि १ रुपया ९९ पैशांचा आकडा कायमचा धरून चालेल, तोही चुकेल.

शिवाय दुसरा प्रश्न विसरू नये : हा भाव कुठला? तो राजस्थान-गुजरातेतल्या उन्हात, तोही दिवसाचा आहे. संध्याकाळी घरोघर दिवे लागतात तेव्हा सूर्य गेलेला असतो. ती वीज साठवायची तर बॅटरीचा किंवा पाणी वर चढवून ठेवणाऱ्या धरणाचा खर्च येतो. गावापर्यंत आणायची तर तारा, खांब आणि डीपी यांचा खर्च येतो. वाटेत गळतीही होते. हे सारे धरल्याशिवाय तो आपल्या ओसरीवरच्या दिव्याचा भाव होत नाही.

भुकेचा अंदाज

खर्चाइतकाच मोठा आकडा मागणीचा. पंगतीला किती पाने बसणार हे कळल्याशिवाय भात किती शिजवायचा? देशाच्या विजेच्या मागणीची पाहणी केंद्रीय विद्युत प्राधिकरण ठरावीक वर्षांनी करते. २०११ साली आलेल्या अठराव्या पाहणीत असा अंदाज होता की, २०२१-२२ साली देशाची सर्वोच्च मागणी २ लाख ८३ हजार मेगावॅटवर जाईल. ते साल आले, तेव्हा मागणी सुमारे २ लाख ३ हजार मेगावॅटपर्यंतच पोचली. तब्बल ८० हजार मेगावॅटचा फरक.

अंदाज हा अंदाजच. पाऊस चुकतो, तसा तोही चुकणार. एकोणिसाव्या पाहणीत हाच अंदाज २ लाख २६ हजारांच्या आसपास उतरवला गेला होता, हे सांगायला हवे. पण फुगलेल्या अंदाजाच्या भरवशावर केंद्रे बांधली गेली, तर ती रिकामी बसतात आणि रिकाम्या ट्रॅक्टरचा हप्ता भरतो तो ग्राहक.

आकड्यामागे लपलेला आकडा

आता आबांच्या मोटारीकडे येऊ. घरगुती ग्राहकाला मीटर असतो, कारखान्याला मीटर असतो. शेतीपंपांना मात्र अनेक राज्यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत हॉर्सपॉवरवर ठोक आकारणी लावली. वाचन करायला माणूस रानोमाळ पाठवण्याचा खर्च वाचला आणि शेतकऱ्याचीही कटकट गेली. पण त्याबरोबर मोजणीही गेली.

मोजणी गेली की अंदाज येतो. पाच हॉर्सपॉवरची मोटार चालताना साधारण साडेचार किलोवॅट वीज ओढते. दिवसाला आठ तास चालली, तर ३६ युनिट. वर्षात शंभर दिवस चालली असे धरले, तर ३,६०० युनिट. दोनशे दिवस धरले, तर ७,२०० युनिट. शंभर दिवस की दोनशे, हे कोण ठरवणार? विहीर मार्चमध्ये आटली, तर मोटार जूनपर्यंत झाकून ठेवलेली असते. पाऊस चांगला झाला, तर खरिपात तिला हातही लागत नाही. उलट ऊस असला, तर ती दम घेत नाही. कागदावर पाच हॉर्सपॉवर असते आणि गुंडाळणी करताना ती साडेसातची होऊन जाते, असेही घडते.

एका पंपामागे हजार युनिटची चूक म्हणजे फार नाही वाटत. पण राज्याच्या मोफत वीज योजनेत सुमारे ४४ लाख शेतकरी धरलेले आहेत. प्रत्येकामागे हजार युनिट चुकले, तर ४४० कोटी युनिट होतात. पाचशे मेगावॅटचा एक संच वर्षभर एक तासही न थांबता चालला, तरच एवढी वीज तयार होते!

आणि इथेच एक गोम आहे. वीज वाटणाऱ्याने शंभर युनिट आणली. साठ युनिटचे वाचन मीटरवर मिळाले. उरलेली चाळीस कुठे गेली? काही तारांत जिरली, काही चोरीला गेली, काही बिनमीटरच्या पंपांनी वापरली. पंपांच्या नावावर जास्त लिहिले की गळती कमी दिसते. हिशोब जुळतो, कारभार चांगला दिसतो आणि नाव होते शेतकऱ्याचे.

ही केवळ शंका नव्हे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला आणि २००० साली त्याने पहिल्यांदा दर ठरवले. तोवर विद्युत मंडळ आपली गळती १७-१८ टक्क्यांच्या आसपास सांगत असे. आयोगासमोर कागद उघडले, पुण्याच्या 'प्रयास'सारख्या अभ्यासू संस्थांनी आणि ग्राहक प्रतिनिधींनी प्रश्न विचारले, शेतीच्या वापराचा अंदाज तपासला गेला आणि गळतीचा आकडा ३० टक्क्यांच्या पुढे गेला. वीज तीच होती, ताराही त्याच होत्या. फक्त शेतकऱ्याच्या खात्यावर टाकलेली वीज तिच्या खऱ्या घरी परत गेली. पुढेही हा वाद मिटला नाही. २०२० च्या दरनिश्चितीतही आयोगाने शेतीच्या वापराचा अंदाज खाली आणला होता.

"शेतकरी फुकट वीज उधळतो" असे शहरात कोणी म्हणाले, तर त्याला एवढेच विचारावे : मोजली कोणी?

खरा आकडा कसा मिळतो?

प्रत्येक विहिरीवर मीटर बसवून तो दरमहा वाचणे अवघड असले, तरी मार्ग आहेत. गावठाणाची आणि शेतीची लाइन वेगळी केली की सबस्टेशनमध्ये शेतीच्या फीडरवर एकच चांगला मीटर पुरतो. त्यातून तारांतली गळती वजा करायची, त्या फीडरवरचे चालू पंप आणि त्यांची खरी हॉर्सपॉवर मोजायची आणि भागाकार करायचा. काही डीपींवर नमुन्यादाखल मीटर लावून तो आकडा पडताळायचा. वीज किती तास दिली याची सबस्टेशनमधली नोंद, तालुक्याचा पाऊस आणि पीकपेरा त्याच्याशी ताडून पाहायचा. दुष्काळी वर्षात वापर वाढलेला दिसला, तर विचारायचे : पाणीच नव्हते, मग मोटारी चालल्या कशावर?

यात कुठे जादू नाही. धान्य तोलताना काटा पारखून घेतात तेवढीच ही सावधगिरी. मात्र मोडलेला मीटर दुरुस्त झाला पाहिजे, बंद पडलेल्या जोडण्या यादीतून निघाल्या पाहिजेत आणि सारे आकडे लोकांना पाहता आले पाहिजेत. दरवाढीपूर्वी आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि कोणीही ग्राहक तेथे लेखी हरकत देऊ शकतो, हे गावातल्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

मोफत आहे, मग मोजायचे कशाला?

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना काढली. ती एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या पाच वर्षांसाठी आहे. बिल शून्य आले, तरी खर्च शून्य झालेला नाही. तो सरकारी तिजोरीतून भरला जातो आणि तिजोरी आपल्याच करांची. मोफत योजनेचा फेरविचार कधी होईल, तेव्हा शेतकऱ्यावर किती खर्च झाला ही रक्कम पुढे येईल. ती फुगलेली असली, तर योजना महाग ठरवून तिच्यावर पहिली कुऱ्हाड पडेल.

दुसरी बाब दिवसाच्या विजेची. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा भाग चालू झाला. सबस्टेशनजवळ सौर केंद्र उभारायचे आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची, असा तिचा हेतू. रात्री-अपरात्री विंचू-साप तुडवत मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाला आणि घरी जागत बसणाऱ्या त्याच्या बायकोला याचे मोल सांगायला नको. पण केंद्र किती मोठे बांधायचे? फीडरवरचा भार कमी नोंदला असेल, तर दाब पडेल आणि मोटारी जळतील. जास्त नोंदला असेल, तर नको तेवढ्या केंद्राचे पैसे जातील. इथेही आधी आकडा, मग पट्ट्या.

घरच्या वहीत

मग आपण काय करावे? दुधाचा हिशोब जिथे लिहितो त्या वहीत एक पान पंपाचे ठेवावे. मोटारीच्या पाटीवरची खरी हॉर्सपॉवर लिहावी. कोणत्या तारखेला मोटार सुरू केली, किती तास चालली, कोणत्या पिकाला पाणी दिले आणि विहीर कधी आटली, एवढे टिपावे. हे काम शाळेतली मुलेसुद्धा करू शकतात. विहीर आटून किंवा मोटार विकून जोडणी कायमची बंद झाली असेल, तर ती तोडण्याचा अर्ज देऊन पोच घ्यावी. मोटार मोठी बसवली असेल, तर भार वाढवून घ्यावा. लपवलेला भार शेवटी आपलीच डीपी जाळतो. कोणी नमुन्याचा मीटर लावायला आले, तर त्याला हाकलू नये. तो मीटर आपल्या बाजूचा साक्षीदार आहे.

एका डीपीवरच्या दहा शेतकऱ्यांनी अशी वही वर्षभर ठेवली, तर ग्रामसभेत किंवा आयोगापुढे बोलायला त्यांच्या हाती मोजलेले काही असेल. एरवी दुसऱ्याने बांधलेला अंदाजच आपल्या नावाने खपतो.

त्या रात्री आबांनी बिल फडताळात ठेवले नाही. मुलाकडून वही मागून घेतली, पहिल्या पानावर मोटारीची हॉर्सपॉवर लिहायला लावली आणि म्हणाले, "उद्यापासून तास लिही. खळ्यावर मापं टाकताना मी कधी डोळा लवू दिला नाही. विजेचं मापच तेवढं सोडून बसलो होतो."